मुलांना घरी ठेवून दोन दिवस बाहेर जाताना

रात्री अडीच वाजता दोन वर्षांचे मूल अर्धवट झोपेत उठून बसते, अंधारात हात पुढे करते आणि आईला हाक मारते. त्या रात्री आईबाबा घरी नसतील, तर त्या हाकेला ओ देणारी व्यक्ती कोण आहे, तिचा आवाज आणि तिची कूस मुलाच्या ओळखीची आहे का, आणि मूल काय मागते आहे हे तिला कळणार आहे का, यावर आईवडिलांचे ते दोन दिवस कसे जातील हे ठरते. बहुतेक जोडपी मात्र तयारीची सुरुवात राहण्याचे ठिकाण शोधण्यापासून आणि प्रवासाची तिकिटे काढण्यापासून करतात आणि घरची व्यवस्था शेवटच्या आठवड्यात घाईघाईने लावतात. माझे आग्रहाचे सांगणे असे, की हा क्रम उलटा करावा. आधी घर, घरात थांबणारी व्यक्ती आणि मूल यांची तयारी करावी. ती पुरी झाली की सहलीचे नियोजन एका संध्याकाळीही होऊ शकते.

दोघांनी मिळून काही वेळ मुलांशिवाय घालवावा, ही गरज खरी आहे आणि तिच्याबद्दल कोणी ओशाळण्याचे कारण नाही. सलग झोप न मिळालेली, वर्षानुवर्षे एकमेकांशी फक्त डबे, औषधे आणि वेळापत्रके यांविषयीच बोलत आलेली माणसे दोन दिवस निवांत बसली, तर त्याचा फायदा मुलांनाही मिळतो. मुलाला एकट्याने वाढवणाऱ्या आईला किंवा वडिलांना तर ही विश्रांती अधिकच हवी असते आणि पुढची जवळजवळ सगळी तयारी त्यांनाही लागू पडते.

पहिली पायरी: कधी जावे आणि किती रात्री

मूल साधारण आठ महिन्यांचे झाले, की आईबाबांपासून दूर होण्याची भीती त्याच्या वागण्यात दिसू लागते. तोवर कोणाच्याही कडेवर हसत जाणारे बाळ अचानक अनोळखी चेहरा पाहून रडू लागते आणि आई दुसऱ्या खोलीत गेली तरी कासावीस होते. दिसेनाशी झालेली व्यक्ती कुठेतरी असतेच, एवढे त्याला नुकतेच उमगू लागलेले असते; ती परत कधी येईल हे मात्र कळत नाही. ही भीती बहुतेक मुलांत दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वाधिक असते आणि दोन ते तीन वर्षांच्या काळात हळूहळू ओसरते. म्हणून पहिली सहल शक्य असेल तर या अवघड काळाच्या मधोमध काढू नये. काढावीच लागली, तर मुलाला रोज सांभाळणाऱ्या, अगदी जवळच्या व्यक्तीवरच त्याला सोपवावे.

वयापेक्षाही परिस्थितीकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते. नवे भावंड आले असेल, घर बदलले असेल, शाळा किंवा पाळणाघर नुकतेच सुरू झाले असेल, अंगावरचे दूध तोडणे चालू असेल किंवा मूल आजारातून नुकतेच उठले असेल, तर सहल महिना-दोन महिने पुढे ढकलावी. एका वेळी एकच बदल मुलाला पेलतो.

पहिल्या खेपेला एकच रात्र बाहेर राहावे. शनिवारी सकाळी निघून रविवारी दुपारी परतले, तरी सलग चोवीस तासांहून अधिक वेळ मिळतो आणि मुलाच्या वाट्याला एकच अवघड रात्र येते. ठिकाण घरापासून दोन-अडीच तासांत परत येता येईल एवढ्या अंतरावर असावे. लांबचे, सुंदर, खूप दिवस मनात असलेले ठिकाण दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावे, कारण पहिल्या खेपेला अर्धे मन घरीच असते.

दुसरी पायरी: मुलाजवळ कोण थांबणार

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा. ब्रिटनमधील जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही लहान मुलांच्या तात्पुरत्या ताटातुटीचे बारकाईने निरीक्षण करून चित्रण केले. आई रुग्णालयात असताना सतरा महिन्यांचा एक मुलगा नऊ दिवस निवासी पाळणाघरात राहिला. तिथल्या परिचारिका प्रेमळ होत्या, पण त्या पाळीनुसार बदलत आणि त्यांच्या हाताखाली अनेक मुले असत. तो मुलगा दिवसेंदिवस खचत गेला, त्याने खाणेपिणे टाकले आणि आई परतल्यावर तिलाही तो जवळ येऊ देईना. त्याच सुमारास दीड ते अडीच वर्षांच्या चार मुलांना रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी सांभाळले. ती मुले आधी त्यांच्या घरी येऊन ओळख करून गेली होती, त्यांच्या सवयी विचारून घेतल्या होत्या, आणि आईवडिलांची आठवण बोलण्यातून जागती ठेवली जात होती. त्या मुलांनाही ताण जाणवला, पण ती कोलमडली नाहीत. दोन दिवसांची सहल आणि अशी दीर्घ ताटातूट यांत मोठे अंतर आहे, हे खरे. तरी आपल्याला लागणारी गोष्ट या निरीक्षणात स्पष्ट दिसते. मुलाला एकच, ओळखीची आणि त्याच्यासाठी मोकळी असलेली व्यक्ती लागते.

म्हणून शनिवारी आजी, रविवारी आत्या आणि मधल्या वेळेत शेजारी, अशी वाटणी करू नये. एकच व्यक्ती सलग असावी आणि बाकीच्यांनी तिला मदत करावी. ही व्यक्ती निवडताना स्वतःला काही साधे प्रश्न विचारावेत. तिने मुलाला निदान एकदा तरी एकटीने जेवू घालून झोपवले आहे का? मूल तासभर रडले, तर ती शांत राहू शकेल का? आजी-आजोबा असतील, तर बारा किलोच्या मुलाला वारंवार उचलणे आणि रात्री दोनदा उठणे त्यांच्या गुडघ्यांना व कंबरेला झेपेल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो आणि आजी-आजोबाही प्रेमापोटी ‘आमचे काय, आम्ही बघू’ असे म्हणून मोकळे होतात. अशा वेळी घरात एखादी तरुण व्यक्ती सोबतीला राहील अशी व्यवस्था आपणहून करावी. शिस्तीबाबत मतभेद असतील, तर तेही आधीच मोकळेपणाने बोलावेत: मुलाला मारायचे नाही, खोलीत कोंडायचे नाही, ‘आई आता येणारच नाही’ अशी भीती घालायची नाही. या तीन गोष्टी मान्य नसलेल्या व्यक्तीवर, ती नात्याने कितीही जवळची असली तरी, मूल सोपवू नये.

मुलाला शक्यतो त्याच्या स्वतःच्या घरीच ठेवावे आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीने तिथे राहायला यावे. त्याचे अंथरूण, भिंतीवरची चित्रे, न्हाणीघर आणि खिडकी जागच्या जागी असली, की बदलली ती फक्त माणसे एवढेच मुलाला पचवावे लागते. दोन भावंडे असतील, तर त्यांना वेगवेगळ्या घरी ठेवू नये. रात्री शेजारी झोपलेली ताई किंवा दादा हा फार मोठा आधार असतो.

मुख्य व्यक्ती अचानक आजारी पडली तर कोण येईल, हेही ठरवून त्या दुसऱ्या व्यक्तीला तसे सांगून ठेवावे. ती अर्ध्या तासात पोहोचू शकेल इतकी जवळ राहणारी असावी.

तिसरी पायरी: चार ते सहा आठवड्यांचा सराव

सराव छोट्या टप्प्यांनी वाढवत न्यावा. आधी आपण घरातच असताना त्या व्यक्तीने मुलाला आंघोळ घालावी आणि भरवावे. मग आपण तासाभरासाठी बाहेर जावे. पुढच्या आठवड्यात दुपारच्या झोपेच्या वेळी बाहेर राहावे, म्हणजे झोपताना आई होती आणि उठल्यावर दुसरी व्यक्ती आहे, हा अनुभव मुलाला दिवसाउजेडी येतो. त्यानंतर एका संध्याकाळी झोपवण्याचे काम त्या व्यक्तीकडे पूर्णपणे सोपवून आपण रात्री उशिरा परतावे. शेवटचा टप्पा एका पूर्ण रात्रीचा असावा, आणि ती रात्र आपण त्याच गावात कुठेतरी काढावी.

सराव फसला, तर तो वाया गेला असे समजू नये. मूल पाऊण तास रडून मग झोपले, तर त्याला काय करून शांत केले हे विचारून घ्यावे, कारण तोच उपाय पुढे कामी येतो. सलग दोन-तीन प्रयत्नांत मूल त्या व्यक्तीकडे मुळीच शांत होत नसेल, तर मात्र तारीख बदलावी किंवा व्यक्ती बदलावी.

चौथी पायरी: घरातली वही

मुलाविषयीची जी माहिती आईबाबांच्या हाताला आणि कानाला असते, पण कधी शब्दांत मांडलेली नसते, ती एका वहीत उतरवून काढावी. फोनवर पाठवलेले लांबलचक संदेश ऐन वेळी सापडत नाहीत. वही ओट्यावर उघडी ठेवता येते.

वहीत दिवसाचा क्रम लिहावा, पण घड्याळापेक्षा खुणांवर भर द्यावा. ‘दुपारी एक वाजता झोप’ असे लिहिण्याऐवजी ‘एकच्या सुमारास डोळे चोळू लागतो आणि खेळणी फेकतो, तेव्हा लगेच आडवे करावे, अर्धा तास उशीर झाला तर झोप उडते’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला नेमके काय पाहायचे ते कळते. झोपवताना काय होते, ते पायरीपायरीने लिहावे: दिवा कोणता मंद करायचा, पडदा किती ओढायचा, पाठीवर थोपटायचे की केसांतून हात फिरवायचा, गोष्ट एक की दोन, दार उघडे ठेवायचे की लोटायचे. मूल एखादे दुपटे किंवा मऊ खेळणे घेऊन झोपत असेल, तर ते त्या आठवड्यात धुऊ नये. त्याचा वास हाच त्याचा गुण असतो.

आणि मुलाच्या शब्दांची यादी करावी. आमच्या पहिल्या सहलीच्या वेळी ही यादी वहीत नव्हती. माझी मुलगी तेव्हा सव्वादोन वर्षांची होती आणि तिला सांभाळायला माझी धाकटी बहीण राहिली होती. रात्री मुलगी उठली आणि ‘निळं, निळं’ म्हणत रडू लागली. बहिणीने निळा फ्रॉक आणला, निळा चेंडू आणला, निळ्या मुखपृष्ठाचे पुस्तक आणले. प्रत्येक वस्तू ढकलून देत मुलगी अधिकच जोरात रडत होती. तिचा पाणी पिण्याचा पेला निळा होता आणि म्हणून पाण्यालाच ती ‘निळं’ म्हणत असे. आम्हा दोघांना ते इतके अंगवळणी पडले होते, की कोणाला सांगावे लागेल असे कधी मनातच आले नाही. वीस मिनिटांनी बहिणीने सहज पाणी पुढे केले तेव्हा मुलगी ते घटाघट प्यायली आणि तिच्या खांद्यावर डोके टाकून झोपली. तहानलेल्या मुलाला वीस मिनिटे पाणी मिळू नये, हे मला आजही लागून राहिले आहे. म्हणून सांगते, मूल बोलते ते प्रत्येक खास उच्चार, प्रत्येक हातवारा आणि त्याचा अर्थ लिहून ठेवावा. शू-शी लागल्याची खूण, भूक लागल्याची कुरकुर आणि दुखत असल्याचे रडणे यांतला फरकही लिहावा.

पाचवी पायरी: आजारपण आणि औषधे

वहीचे एक पान औषधांसाठी राखावे आणि त्यावर मुलाचे अलीकडचे वजन, रक्तगट माहीत असल्यास तो, कोणत्या गोष्टीची ॲलर्जी आहे, डॉक्टरांचा फोन, जवळच्या रुग्णालयाचा पत्ता आणि तातडीच्या मदतीचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. लसीकरणाची नोंदवही आणि विम्याची प्रत त्याच पानाशी टाचून ठेवावी. ‘आम्ही गावाबाहेर असताना अमुक व्यक्तीला आमच्या मुलावर उपचार करवून घेण्यास आमची संमती आहे’ असे तारखेनिशी लिहून दोघांनी सही केलेले पत्रही त्यात असावे. जीव वाचवणारे उपचार डॉक्टर अशा पत्रासाठी थांबवत नाहीत, पण इतर निर्णयांत त्याची मदत होते.

तापाच्या औषधाबाबत विशेष दक्ष राहावे. पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. साधारणपणे दर किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये निदान ४ तासांचे अंतर आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त मात्रा नाहीत, असा हिशेब असतो. गोंधळ होतो तो बाटलीवरच्या ताकदीमुळे. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम द्यायचे असतील, तर ५ मिलिलीटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे ७.५ मिलिलीटर होतात, पण ५ मिलिलीटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे फक्त ३.६ मिलिलीटर. तेव्हा डॉक्टरांना विचारून घरातल्या नेमक्या बाटलीचे प्रमाण मिलिलीटरमध्ये लिहावे, ते त्या बाटलीवरही चिकटवावे आणि सोबत मापाची पिचकारी ठेवावी. स्वयंपाकघरातल्या चमच्याने औषध देऊ नये, दिल्याची वेळ लगेच वहीत टिपावी आणि घरात असलेली मोठ्यांची ॲस्पिरिन मुलाला कधीही देऊ नये.

डॉक्टरांकडे ताबडतोब केव्हा न्यायचे, हे सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या अंदाजावर सोडू नये. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, ओठ निळसर होणे, झटके येणे, हाक मारूनही मूल नीट जागे न होणे, हिरवी उलटी, किंवा सात-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसले तर आधी रुग्णालय गाठावे आणि वाटेत आम्हाला फोन करावा, असे स्पष्ट लिहावे. आईबाबांची परवानगी मिळेपर्यंत वाट पाहत बसण्याची चूक प्रेमळ माणसांच्या हातूनच अधिक होते.

घशात काही अडकले तर काय करायचे, हे त्या व्यक्तीला आधी प्रत्यक्ष करून दाखवावे. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे धरून, डोके खाली ठेवून दोन खांद्यांच्या मधोमध ५ थापा आणि मग उताणे करून छातीवर ५ दाब, असा क्रम असतो. या वयात पोटावर दाब द्यायचा नसतो. वाचून हे हाताला बसत नाही. प्रथमोपचाराचे छोटे प्रशिक्षण जिथे मिळत असेल, तिथे आपण आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीने मिळून जावे. अख्खी द्राक्षे, शेंगदाणे आणि कडक गोळ्या लहान मुलाला देऊ नयेत आणि एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये, हेही वहीत असावे.

मूल दुसऱ्याच्या घरी राहणार असेल, तर त्या घराकडे मुलाच्या उंचीवरून पाहावे, म्हणजे अक्षरशः जमिनीवर बसून नजर फिरवावी. उशाशी ठेवलेल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या सर्वांत आधी उंचावर, कुलपात जाव्यात. मोठ्यांची एखादी गोळीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. रिमोटमधली आणि खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली, तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा करते, म्हणून तिची झाकणे चिकटपट्टीने बंद करावीत आणि ती गिळल्याची नुसती शंका आली तरी रुग्णालयात जावे. न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली ठेवू नये. बाळ एक वर्षाखालचे असेल, तर त्याला नेहमी उताणेच, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी व जाड पांघरुणाविना झोपवावे. आजीच्या काळी सल्ला वेगळा असायचा, त्यामुळे हे आदराने पण ठामपणे सांगावे लागते.

अंगावर पिणारे बाळ असेल तर

बाटलीची किंवा वाटी-चमच्याची सवय निदान दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी आणि ते दूध आईने नव्हे तर दुसऱ्या व्यक्तीने पाजावे, कारण आई जवळ असताना बाळ बाटलीला तोंड लावत नाही. काढलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस आणि फ्रीझरमध्ये सुमारे ६ महिने चांगले राहते. फ्रीझरमधले दूध फ्रिजमध्ये ठेवून वितळवले, तर ते पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवावे आणि पुन्हा गोठवू नये. दूध मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये. ते कुठे कोमट, कुठे उकळते होते आणि बाळाचे तोंड पोळते. बाटल्या कोमट पाण्याच्या भांड्यात धराव्यात. बाळाने तोंड लावून उरलेले दूध दोन तासांनंतर टाकून द्यावे. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ असावी आणि गरजेपेक्षा दोन वेळांचे दूध जास्त साठवावे.

आईनेही प्रवासात दर तीन-चार तासांनी दूध काढायला हवे. ते टाळले तर स्तन दगडासारखे होतात, दुखतात आणि गाठ होऊन ताप येऊ शकतो. त्यामुळे राहण्याच्या ठिकाणी फ्रिज आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

सहावी पायरी: मुलाला सांगणे

दीड-दोन वर्षांच्या मुलाला एक दिवस आधी सांगितले तरी पुरते; आठवडाभर आधी सांगून उगाच जिवाला घोर लावू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी सांगावे आणि रोज थोडे बोलावे. ‘रविवार’ हा शब्द त्याला कळत नाही, पण ‘तू एकदा झोपशील, उठशील, मावशीबरोबर बागेत जाशील, जेवशील, आणि मग आम्ही दारात’ ही साखळी कळते. कागदावर याची चार चित्रे काढून भिंतीवर लावावीत आणि एकेक झाले की मुलाला त्यावर खूण करू द्यावी.

बोलण्यात खरेपणा असावा. ‘आई दुकानातून आलेच’ असे सांगून दोन दिवसांनी परतलेल्या आईवर पुढच्या खेपेला, ती खरोखरच दुकानात गेली तरी, मूल विश्वास ठेवत नाही. ‘शहाण्यासारखा राहिलास तर लवकर येऊ’ असेही म्हणू नये, कारण उशीर झाला की मुलाला वाटते आपल्या वागण्यामुळेच आई आली नाही.

सातवी पायरी: निघण्याची घटका

मूल खेळात रमले असताना डोळा चुकवून निघून जाण्याचा सल्ला वडीलधारी मंडळी हमखास देतात, आणि त्यामागे मुलाचे रडणे टळावे ही मायाच असते. तरीही मी त्याच्या पूर्ण विरुद्ध आहे. गुपचूप गेलेल्या आईला मूल घरभर शोधते, आणि पुढे कित्येक दिवस ती न्हाणीघरात गेली तरी दाराशी रडत उभे राहते, कारण आई केव्हाही नाहीशी होऊ शकते हे त्याने अनुभवलेले असते.

निरोप सांगून, थोडक्यात आणि हसऱ्या चेहऱ्याने घ्यावा. मूल जेवलेले आणि झोप झालेले असताना, सकाळी निघावे. सामान आधीच गाडीत ठेवावे. गुडघ्यावर बसून मुलाला कवेत घ्यावे, ‘आम्ही निघतो, उद्या दुपारी येतो’ एवढे सांगावे, त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या कडेवर द्यावे आणि वळावे. मूल रडेल. त्या क्षणी पाय निघत नाही, कंठ दाटून येतो, तरी दारातून परत फिरू नये. दोनदा परत आलेली आई तिसऱ्यांदा जाते तेव्हा मुलाला ते तिप्पट जड जाते. बहुतेक मुले ओळखीच्या माणसाजवळ थोड्याच वेळात शांत होतात. पंधरा मिनिटांनी त्या व्यक्तीने ‘शांत आहे’ एवढा एक संदेश पाठवावा, असे ठरवून ठेवावे.

दूर असताना

फोन किती वेळा करायचा, हे आपल्या ओढीवर न सोडता मुलाच्या सोयीने ठरवावे. दोन वर्षांखालील मुलाला पडद्यावर आई दिसते पण हाताला लागत नाही, आणि शांत झालेले मूल पुन्हा रडू लागते. अशा मुलाशी व्हिडिओवर बोलणे टाळून फक्त सांभाळणाऱ्या व्यक्तीशी बोलावे. मोठ्या मुलाशी दिवसातून एकदा, दुपारी किंवा संध्याकाळी खेळाच्या वेळी बोलावे. झोपण्याच्या आधी कधीही नाही. ‘आईची आठवण येते का?’ असे विचारू नये. आज कोणता किल्ला केला, हे विचारावे.

कोणत्या कारणासाठी परत फिरायचे, हे दोघांनी निघण्याआधीच ठरवावे. मूल रात्री तासभर रडले, हे कारण पुरेसे नाही. ताप, पडणे, सलग दोन वेळा काहीही न खाणे-पिणे, किंवा सांभाळणाऱ्या व्यक्तीने ‘मला जमत नाही’ असे म्हणणे, ही कारणे पुरेशी आहेत, आणि यांतल्या शेवटच्या कारणावर एकही प्रतिप्रश्न न विचारता निघावे.

बाकी त्या दोन दिवसांत काय करावे, याविषयी फार सांगण्यासारखे नाही. कार्यक्रम कमी ठेवावेत. पहिली दुपार बहुधा झोपण्यात जाते आणि जाऊ द्यावी.

आठवी पायरी: परत आल्यावर

परतण्याची वेळ मुलाच्या झोपेची किंवा भुकेची नसावी, आणि दिलेली वेळ पाळावी. मूल धावत येऊन गळ्यात पडेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी एक ते दीड वर्षाच्या मुलांच्या निरीक्षणांत, आई काही मिनिटे खोलीबाहेर गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते काय करते याकडे अधिक लक्ष दिले होते. कोणी बिलगते, कोणी रागाने मारते, कोणी बघतही नाही. दोन दिवसांनंतरच्या भेटीत घरोघरी ही सगळी रूपे दिसतात.

माझ्या मुलीने आम्ही आत आलो तेव्हा मान वरही केली नाही. ती लाकडी ठोकळे एकावर एक रचत होती आणि रचतच राहिली. मी पिशवी दाराशी ठेवून तिच्यापासून दोन हात अंतरावर जमिनीवर बसले. दहा मिनिटांनी तिने माझ्याकडे न बघता एक ठोकळा माझ्या मांडीवर ठेवला, मग दुसरा, आणि मग ती स्वतः येऊन बसली. अशा वेळी मुलाला ओढून घेऊ नये, आणलेल्या खेळण्याचे आमिष दाखवू नये. त्याला हवा तेवढा वेळ घेऊ द्यावा.

पुढचे चार-पाच दिवस मूल अधिक चिकटेल, रात्री एक-दोनदा जास्त उठेल, सुटलेली एखादी सवय पुन्हा धरेल. या दिवसांत नवे पाहुणे, नवी शिस्त किंवा दुसरी सहल यांपैकी काही आखू नये. रोजचा क्रम तसाच चालू ठेवावा. आठवडा-दोन आठवड्यांनंतरही मूल खात-खेळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावे.

सांभाळणाऱ्या व्यक्तीला त्याच संध्याकाळी घरी जाऊन झोपू द्यावे. दोन दिवसांनी तिच्याजवळ निवांत बसावे आणि ‘काय चुकले’ असे न विचारता ‘तुला काय दिसले’ असे विचारावे, कारण आपल्या मुलाविषयी आपल्याला ठाऊक नसलेल्या गोष्टी तिला या दोन दिवसांत कळलेल्या असतात. मग वही तिच्याच हाती द्यावी आणि तिला त्यात भर घालू द्यावी. आमच्या वहीत शब्दांच्या यादीचा पहिला शब्द ‘निळं’ आहे, आणि तो माझ्या बहिणीच्या अक्षरात आहे.